चित्रपोथीचे पान कोण उलटतो?

श्रोतेहो, जोगेश्वरीचे लेणे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे, कोण जाणे. मुंबईकर माणूस होडीत बसून घारापुरीला जातो, रजा काढून अजिंठ्याला जातो; पण जोगेश्वरी स्टेशनावर उतरून पूर्वेला थोडे चालायचे, तर तेवढी सवड त्याला होत नाही. घरांच्या दाटीतून वाट काढीत गेले की एकदम पायऱ्या खाली उतरू लागतात, आणि रिक्षांचा गलबला मागे राहून गळणाऱ्या पाण्याचा टपटप आवाज कानी येतो. सहाव्या शतकातले हे शैव लेणे. आत शिवपार्वतीचा विवाह आहे, दोघांचा सारीपाटाचा डाव आहे, कैलास गदगदा हलवू पाहणारा रावण आहे, नटराज आहे. निदान होते. दगड मऊ, आणि चौदाशे वर्षे त्यावरून पाणी झिरपते आहे. त्यामुळे पुष्कळशा मूर्तींचे नाकडोळे विरघळून गेले आहेत. उभे राहण्याची ढब, हाताचा झोक, एवढ्यावरून हा कोण आणि ती कोण हे ओळखायचे.

दरवर्षी मी विद्यार्थ्यांना तिथे नेतो. त्यांना सांगतो, की बाबांनो, हे चित्रांचेच पुस्तक आहे. एवढेच, की याची पाने हाताने नाही, पायांनी उलटायची. तुम्ही चार पावले पुढे गेलात की कथा पुढे गेली. कैलासापाशी थांबलात की रावणाचे हात तसेच उचललेले राहिले. शिल्पकाराने दगड कोरला, पण कोणत्या चित्रापाशी किती वेळ थांबायचे, हे मात्र त्याने पाहणाऱ्यावर सोपवले.

हे वाक्य मी कित्येक वर्षे लेण्यात म्हणत आलो, आणि त्याचा पुरता अर्थ मला स्वतःला मागच्या वर्षी कळला. झाले असे, की आमच्या चार विद्यार्थ्यांनी एक लहानसा हलत्या चित्रांचा पट करायला घेतला. आधाराला घेतले मुलांसाठी काढलेले एक चित्रमय पुस्तक. पाने चोवीस, विषय सीताहरण आणि जटायूचे युद्ध, आणि चित्रे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी शैलीतली. संगणक घरोघरी झाल्यापासून असले उद्योग मुलांना सोपे झाले आहेत. माझ्याकडे येऊन ती म्हणाली, "सर, कलादिग्दर्शन तुम्ही सांगा. चित्रे जुन्या पद्धतीची आहेत, आणि जुने ते सगळे तुमच्याकडे." मी इतिहासाचा माणूस. सिनेमातले मला काय कळणार! पण मास्तरकीचा धंदा असा, की नाही म्हणवत नाही.

महिनाभराने त्यांनी दोन मिनिटांचा तुकडा वर्गात लावून दाखवला. कष्ट खूप घेतले होते. सीतेच्या पापण्या मिटत होत्या. जटायूचे पंख वरखाली होत होते. रावणाची दहाही डोकी डुलत होती. मागचे ढग सरकत होते, गवत हलत होते, हरीण कान टवकारीत होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दाराशी आमच्या ग्रंथालयातले एक जुने सेवक उभे होते. ते मूळचे कुडाळकडचे, आणि सगळी मुले त्यांना काका म्हणतात. लहानपणी गावच्या देवळात त्यांनी चित्रकथी पाहिलेली. ते आपल्या मालवणीत एवढेच म्हणाले, "ह्यां सगळां हलतांहा. मगे काणी सांगता कोण?" हे सगळे हलते आहे, मग गोष्ट सांगतो कोण?

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर मला येत नव्हते. आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नामागे मी जो फिरलो, त्याचा वृत्तांत आहे.

आधी पिंगुळीलाच जाऊ. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजातली काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करीत आली. सावंतवाडीच्या सावंत-भोसले संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. फूट-सव्वा फुटाच्या कागदावर रंगवलेली सुटी चित्रे, एकेका आख्यानाची मिळून एकेक पोथी. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. म्हणजे एक बाजू सांगून झाली की पान फिरवायचे आणि मागचे चित्र पुढे आणायचे. सांगणारा चित्र समोर धरतो, साथीला टाळ आणि हुडुक, आणि रामायण-महाभारतातले आख्यान गात, बोलत, मध्येच विनोद करीत चालते. ही कला काल-परवाची नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' नावाचा जो ज्ञानकोशासारखा ग्रंथ रचला, त्यात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. पैठणकडेही ही परंपरा होती. तिथल्या पोथ्यांमधली चित्रे पुण्याला केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळांना चित्रकथी हा शब्द पहिल्यांदा भेटला.

आता या चित्रांकडे कलादिग्दर्शकाच्या नजरेने पाहा. चेहरे बहुतेक बाजूने काढलेले, डोळे मोठे, अंग ताठ, पाऊल टाकले तरी ते टाकलेलेच राहिलेले. मागे देखावा जवळजवळ नाही. एखादे झाड म्हणजे वन, आणि एक कमान म्हणजे राजवाडा. हा कागद एकट्याने घरी बसून पाहावा असा काढलेलाच नाही. तो देवळाच्या सभामंडपात, समईच्या किंवा कंदिलाच्या उजेडात, दहा-बारा हातांवर बसलेल्या माणसाला दिसावा असा काढलेला आहे. म्हणून रेघ जाड, म्हणून रंग सपाट, म्हणून डोळा एवढा मोठा. चित्र गप्प उभे राहते, कारण धावायचे काम आवाजाकडे दिलेले असते.

मौज अशी, की याच पिंगुळीच्या मंडळींकडे हलती चित्रेही होती! चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे धरून दिव्याच्या उजेडात त्यांची सावली नाचवायची, हा खेळ त्यांचाच. आणि दोरीवर नाचवायच्या लाकडी कळसूत्री बाहुल्याही त्यांच्याच. म्हणजे एकाच घरात भिंतीला पोथी, गाठोड्यात चामड्याच्या बाहुल्या, आणि पेटाऱ्यात कळसूत्री. कथा तीच, रामायणाची. पण या लोकांनी पोथीतल्या चित्राला सांधे लावून नाचवले नाही, की बाहुलीला चित्रासारखे स्तब्ध ठेवले नाही. चामड्याच्या बाहुलीला तरी फारसे सांधे कुठे आहेत? ती सबंधच्या सबंध पुढे येते, मागे जाते, गर्रकन उलटी फिरते. बाजूने काढलेले तोंड समोर वळवायचा प्रसंगच तिथे येत नाही. रावणाला मागे पाहायचे असेल तर अख्खा रावण उलटतो. कोणती गोष्ट हलवायची आणि कोणती हलवायची नाही, याचा विवेक या निरक्षर मानल्या गेलेल्या कलावंतांना पक्का होता. आमच्या मुलांनी, आणि मीही, नेमका तोच सोडला होता.

ही हलवण्याची हौस आपल्याकडे सिनेमाच्याही आधीची आहे. आपल्या लोकलच्या वाटेवरचे कल्याण घ्या. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर हाताने चित्रे रंगवून, दिव्याच्या यंत्रातून ती पडद्यावर टाकून 1892 पासून खेळ केले. नाव ठेवले 'शांबरिक खरोलिका'. शांबरिक म्हणजे शंबरासुराच्या मायेसारखी, जादूची. लागोपाठच्या काचांवर एकाच पात्राच्या वेगवेगळ्या ढबी काढायच्या, आणि झपझप काचा बदलून पात्र हालचाल करते असा भास घडवायचा. जोडीला संवाद आणि गाणी. लुमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलात आला तो 1896 साली. म्हणजे चार वर्षे आधी कल्याणच्या एका घरात हा पेच सोडवायला बसले होते, की हातात दहा काचा आहेत, तर कोणत्या क्षणी काच बदलायची? काच बदलणारा हात इथे अजून माणसाचाच होता, आणि तो गाण्याच्या तालावर चालत होता.

पुढे दादासाहेब फाळके. जे. जे. स्कूलमधले शिक्षण, छपाईचा धंदा, रविवर्म्याच्या शिळाछापांशी जवळून आलेला संबंध. म्हणजे छापील चित्राच्या मुशीतूनच हा माणूस सिनेमाकडे गेला. 1915 साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा पट केला, त्यात एकेक चौकट टिपून आगकाड्या हलवल्या होत्या. प्रभातने 1934 साली 'जंबूकाका' हे व्यंगचित्रपटाचे प्रकरण करून पाहिले. या सगळ्यांबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण आपल्या प्रश्नाला ते फार लागत नाहीत. आपला प्रश्न आहे तो काढून तयार असलेल्या चित्राचा. त्यासाठी पेडर रोडवर, फिल्म्स डिव्हिजनमध्ये जायला हवे.

1948 साली स्थापन झालेल्या या सरकारी खात्यात 1956 च्या सुमारास व्यंगपट विभाग उभा राहिला. अमेरिकन साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स नावाचे गृहस्थ शिकवायला आले. जन्म हिंदुस्थानातला, मिशनरी घराण्यातला. आणि 'बांबी'च्या काळी डिस्नेच्या कारखान्यात काम केलेले. त्यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी तयार झाली, त्यांत राम मोहन होते, जी. के. गोखले होते. गोखल्यांनी तर त्याआधीही स्वतःच्या हिकमतीवर व्यंगपट केले होते. विभागाचा पहिला मोठा पट 1957 चा 'द बनियन डियर', म्हणजे जातकातली वटमृगाची कथा. रंगरूप घेतले अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे.

हा पट मला आवडतो, आणि तरी पाहताना काहीतरी खटकते. झाडे, महाल, माणसांचे डोळे अजिंठ्याकडे झुकणारे, पण हरणांची चाल मात्र बरीचशी हॉलिवूडची. अजिंठ्याच्या भिंतीवर एकाच चित्रात तोच बोधिसत्त्व दोन-तीनदा दिसतो. इथे बसलेला, तिथे निघालेला, पलीकडे पोहोचलेला. मधला प्रवास चित्रकार काढत नाही. पाहणाऱ्याची नजरच तो करते. डिस्नेच्या पद्धतीत मधले पाऊलन्‌पाऊल काढावे लागते. म्हणजे भिंतीने जे मुद्दाम रिकामे ठेवले, ते पडद्यावर भरून काढले गेले. पहिलाच प्रयत्न, गुरू परदेशी, यंत्रसामग्री नवी, हे सगळे ध्यानात घेऊन दोष देण्याचे कारण नाही. पण कलादिग्दर्शनाचा पेच तिथे स्पष्ट दिसतो खरा.

लगेच दुसऱ्या वर्षी, 1958 साली, त्याच संस्थेच्या जहांगीर भावनगरींनी अगदी उलट वाट धरली. 'राधा अँड कृष्ण' हा त्यांचा पट जुन्या लघुचित्रांवर बेतलेला आहे. चित्रे तीच, मूळचीच. कॅमेरा मात्र त्यांवरून फिरतो. कधी एका डोळ्यापाशी थांबतो, कधी कुंजातल्या पानांवरून सरकत राधेपर्यंत पोहोचतो. चित्रातले कुणी काही हलत नाही आणि तरी पाहणारा कथेतून चालत जातो. श्रोतेहो, हे तर आपले लेणे झाले! पाय नव्हेत, कॅमेरा चालतो एवढाच फरक. त्याच दशकात अमेरिकेत वेस्टन वुड्स नावाची संस्था काढून मॉर्टन शिंडेल हे गृहस्थ मुलांच्या पुस्तकांचे असेच पट करीत होते: पुस्तकातल्या चित्राला हात न लावता कॅमेऱ्याने ते वाचायचे.

आणि आता खास पुस्तकावरून केलेल्या पटाचे आपल्या मुंबईतले उदाहरण. मिनू मसानींचे 'अवर इंडिया' हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 1940 साली काढले. हा देश केवढा, इथे माणसे किती, ती पिकवतात काय नि खातात काय, हे मुलांना गोष्टीसारखे समजावून देणारे पुस्तक, सी. एच. जी. मूरहाउस यांच्या चित्रांनी सजवलेले. त्या काळात ते अफाट खपले, शाळांतून लागले. 1961 साली फिल्म्स डिव्हिजनने त्यावरून 'धिस अवर इंडिया' हा व्यंगपट केला. गंमत बघा, की तोवर मसानी हे 1959 साली निघालेल्या स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, म्हणजे सरकारचे कडवे टीकाकार झालेले होते. पण पुस्तक चांगले होते, आणि सरकारी खात्याने ते घेतले. इतिहासाच्या माणसाला असल्या गोष्टी सुखावतात.

आता जरा विचार करा, अशा पुस्तकाचा पट करताना कलादिग्दर्शकापुढे काय काय वाढून ठेवलेले असते. पहिली गोष्ट नकाशा. 1940 च्या पुस्तकातला हिंदुस्थान अखंड. 1961 च्या पटात तो चालणार कसा? एकवीस वर्षांत देशाची आकृतीच बदलली होती. म्हणजे या पुस्तकातले सर्वांत पहिले, सर्वांत ओळखीचे चित्रच जसेच्या तसे उचलता येणार नाही. दुसरी गोष्ट अक्षरे. पुस्तकात चित्राशेजारी शब्द असतात, आकडे असतात. फिल्म्स डिव्हिजनचे पट देशभर निरनिराळ्या भाषांतून दाखवले जात. चित्रात अक्षर घातले की प्रत्येक भाषेसाठी ते चित्र पुन्हा काढणे आले. तेव्हा अक्षराने सांगितलेले आकाराने सांगायचे, उरलेले आवाजाकडे द्यायचे. आणि तिसरी गोष्ट वेळ. पुस्तकातला आकडा मुलाला कळला नाही तर ते पान उलटून मागे जाते. थिएटरात मुख्य बोलपटाच्या आधी दहा मिनिटे लागलेला पट कुणी मागे नेत नाही. एकदा निसटले ते निसटले.

इथे हलण्याला मात्र खरे काम मिळते. आकड्यांचे चित्र मुळात स्थिर राहू नये असेच असते. पुस्तकात एका माणसाशेजारी दहा माणसे काढून दाखवावी लागतात. पडद्यावर एकाची दहा होताना दाखवता येतात. वाढ आणि घट ही हालचालच आहे. म्हणून माहितीच्या पुस्तकाचा व्यंगपट आणि जटायूच्या पोथीचा व्यंगपट यांना एक नियम लावता येत नाही, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

खर्चाचाही हिशेब सांगतो, कारण कला म्हटली की लोक हिशेब विसरतात. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. दहा मिनिटांचा पट म्हणजे 14,400 चौकटी. एक चित्र दोन चौकटी ठेवायचे असा काटकसरीचा प्रघात आहे. तो धरला तरी 7,200 चित्रे झाली. पुस्तकात चित्रे तीस-बत्तीस. ती एका हाताने, मनाजोगा वेळ घेऊन काढलेली. सात हजार चित्रे अनेक हातांनी काढायची, आणि तरी रेघ त्या एकाच हाताची वाटली पाहिजे. डिस्नेच्या पद्धतीत म्हणूनच रेघ गुळगुळीत, कुणाचीच नाही अशी करून टाकतात. पात्र पुढून, मागून, बाजूने कसे दिसते याचा एक नमुना-तक्ता करून तो प्रत्येक चित्रकारापुढे ठेवतात. आमच्या मुलांनी तोही केला होता. पण चित्रकथीतल्या रावणाला पुढून तोंडच नाही! ते त्यांनी आपल्या कल्पनेने काढले, आणि तिथेच तो पिंगुळीचा रावण राहिला नाही.

ही रेघ सांभाळण्यासाठी इतरत्र कुणी काय केले, हेही थोडे सांगतो. 1952 साली अमेरिकेत यूपीए या संस्थेने बेमेलमन्स यांच्या 'मॅडलिन' या पुस्तकाचा पट केला. डिस्नेच्या गोलाईला रजा देऊन सपाट रंग, मोजकी हालचाल, आणि पुस्तकाच्या ढंगाशी इमान. इंग्लंडात रेमंड ब्रिग्ज यांच्या 'द स्नोमॅन' या शब्दविरहित पुस्तकाचा पट 1982 साली झाला. मूळ चित्रे रंगीत पेन्सिलींची, धुरकट, मऊ. पटवाल्यांनी ती गुळगुळीत केली नाहीत. हजारो चित्रांतून पेन्सिलीचा खरखरीतपणा राखला, त्यामुळे रंग पडद्यावर सतत किंचित थरथरत राहतो. खरे म्हणजे हा तांत्रिक दोषच. पण इथे तोच श्वासासारखा वाटतो. कथेत मात्र त्यांनी खुशाल भर घातली. पुस्तकात नसलेला नाताळबाबा आणला, उड्डाण लांबवले. म्हणजे प्रसंग बदलला तरी चालेल पण रेघ बदलता कामा नये, असा तो निवाडा. मला पूर्ण पटत नाही, पण विचार करण्यासारखा आहे.

आणि इतके लांब तरी कशाला जायला हवे? जोगेश्वरीहून जोड रस्त्याने पुढे गेले की पवई. तिथल्या आयआयटीच्या औद्योगिक रचना केंद्रात तेव्हा शिकवणाऱ्या नीना सबनानी यांनी कच्छच्या कारागीर बायकांच्या कापडकामातून 'तांको बोले छे' हा पट 2009 साली केला, आणि भिल्ल चित्रांवरून 'हम चित्र बनाते हैं' हा पट केला. या दुसऱ्याला 2016 च्या चित्रपटांतला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भिल्ल चित्र ठिपक्यांनी भरलेले असते. तो ठिपका म्हणजे नुसती सजावट नव्हे, चित्राचा जीवच. तिथे पात्राच्या डोळ्यांची उघडझाप दाखवण्यापेक्षा ठिपक्याला काम द्यावे, हे ज्याला सुचते तो कलादिग्दर्शक. मुलांना मी तो पट दोनदा दाखवला. दुसऱ्या वेळी त्यांनी वही काढून काय काय हलत नाही याची यादी केली. ती यादी लांबलचक झाली.

त्यानंतर आम्ही पुन्हा बसलो. ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी, काकांना मध्ये बसवून. त्यांना आख्यान पाठ नाही. लहानपणी ऐकलेले तुकडे, चाल आणि थोडे बोल, एवढेच आठवते. पुस्तकातली चित्रे मोठी छापून पुठ्ठ्यावर पाठीला पाठ लावून चिकटवली होती. काका एकेक पुठ्ठा समोर धरून जसे सुचेल तसे गुणगुणत, सांगत गेले, आणि एक मुलगी घड्याळ लावून सेकंद मोजत गेली. सोन्याच्या हरणाचे चित्र बारा सेकंदांत फिरवले. रावण भिक्षेकऱ्याच्या वेषात आला, ते चाळीस सेकंद. जटायूचा पंख तुटला त्या चित्रावर मात्र काका थांबले. मध्ये गाणे थांबले, नुसता गुणगुणाट राहिला, मग तोही थांबला, आणि पुठ्ठा तसाच हातात. एक मिनिट चाळीस सेकंद. मुलांच्या आधीच्या पटात हा प्रसंग सर्वांत जास्त हलत होता, आणि तो चार सेकंदांत संपला होता.

शंभर सेकंद म्हणजे एकाच चित्राच्या 2,400 चौकटी. मुलगी म्हणाली, "सर, एवढा वेळ नुसतं चित्र कोण बघेल हो?" मी काकांकडे पाहिले. ते म्हणाले, "आमी बघलां ना!"

सध्या काम त्यावर चालले आहे. पापण्या, ढग, गवत सगळे काढून टाकले. रावण आता चामड्याच्या बाहुलीसारखा गर्रकन उलटतो. सीतेची फक्त बांगडी हलते, तीही एकदाच, खाली पडताना. काकांचा आवाज मुलांनी ध्वनिमुद्रित करून घेतला आहे. त्यात मागे आमच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात, ते काढायचे की ठेवायचे याचा वाद आहे. आणि दुसरा वाद पान उलटण्याचा. दोन मुलांचे म्हणणे, की पान फिरताना काकांचा हात पडद्यावर दिसावा. दुसरे दोघे म्हणतात, हात दिसला तर ते पुस्तकाचे छायाचित्रण झाले, तो व्यंगपट राहिला नाही. मी हाताच्या बाजूचा आहे. पण चौघांची मते दोन-दोन अशी पडली आहेत, आणि मला त्यांनी मत दिलेले नाही.